सुंदराबाईची बोटं

सुंदराबाईनं मला आयुष्यात दोनदा मारलं. पहिल्यांदा फावड्याच्या दांड्यानं, दुसऱ्यांदा लाटण्यानं. दुसऱ्या वेळी पुढचा दात तुटला. तो मी बसवून घेतला नाही, घेणारही नाही. कुणी विचारलं तर खरं ते सांगतो.

मी नंदू. बाप मालवणकडचा, गिरणीत साचे चालवायचा. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि मी चोविसाव्या वर्षी साकीनाक्याला दादूच्या तबेल्यात घोड्या धुवायला लागलो. लेथ मशिनींच्या गल्लीमागे पत्र्याची शेड, आत सात पांढऱ्या घोड्या. लग्नात नवरदेव ज्यांच्यावर बसून मिरवतात ना, त्या. दादू मालक. एक नंबरचा शिवराळ, आणि हातातला चाबूक घोडी बघायचा नाही की माणूस बघायचा नाही. अख्ख्या गल्लीत त्याला एकाच माणसाची भीती वाटायची, ती म्हणजे सुंदराबाई.

बाई नांदेडकडची, लोह्याजवळची. बाप पाटलाच्या घोड्या सांभाळायचा, त्याच्याकडून ही शिकली. बाहत्तरच्या दुष्काळात नवऱ्याबरोबर मुंबईला आली. विक्रोळीत हमाली करता करता नवरा गेला, आणि बाई खाडीकडच्या वस्तीतून रोज सकाळी तबेल्यात यायला लागली. काळी, उंच, हाडकुळी, आवाज भोंग्याचा. पण बोटं बघाल तर लांब आणि मऊ. शेण काढणाऱ्या बाईची ती बोटं आहेत हे कुणाला पटलं नसतं. रोज खोबरेल चोळायची. म्हणायची, "माझी अक्कल हितं हाय, टकुऱ्यात न्हाई."

तिचं खरं काम गाभण घोड्यांचं. घोडी अकरा महिने पोट वागवते. शेवटच्या महिन्यात बाई रोज दुपारी तपासायची. शेपटीचं बूड ढिलं पडलं का ते दाबून बघायची, कास किती भरली ते बघायची, आणि शेवटी सड. विण्याच्या एक-दोन दिवस आधी सडाच्या टोकाला चीक सुकून बसतो, त्याला ती मेण म्हणायची, हे मला फार पुढे कळलं. मेण आलं की घोडी गेटच्या बाहेर पडायची नाही, हा तिचा कायदा. दादूनं एकदा मोडायला बघितला. बाईनं त्याच्या मनगटावर असं फावडं घातलं की दादू दोन महिने प्लास्टर मिरवत होता. त्यानंतर लगीनसराई असो नाहीतर काही असो, दादू आधी विचारायचा, "मेण आलं का?" नाही म्हणाली तरच घोडी बाहेर.

पण हे मेण आम्ही कुणी कधी बघितलं नव्हतं. बाई घोडीच्या मागच्या अंगाला घोंगडी धरून आत शिरायची आणि पुरुषाला जवळ फिरकू द्यायची नाही. मी नवीन असताना कुतूहलानं वाकलो, तर फाडकन दांडा पाठीवर. "बाईमाणसाचं बाईमाणसानं बघायचं असतं! तुझी माय बाळंत होताना डोकावला व्हतास का रं मुडद्या?" पंधरा दिवस कुशीवर झोपलो. तेव्हापासून मेण हा आमच्यासाठी नुसता शब्द.

चौऱ्याऐंशीचा मे महिना. शेवंती गाभण होती. तबेल्यातली सगळ्यांत जुनी घोडी, आणि बाईचा तिच्यावर फार जीव. मागची दोन शिंगरं वाया गेलेली. "हे एक जितं निगू दे, मग म्हातारीला आराम," असं बाई रोज म्हणायची. त्यात एक घोडी लंगडी झाली, बाकीच्या दुसऱ्या वरातींना लागलेल्या, आणि घाटकोपरच्या वरातीला दादूकडे शेवंतीशिवाय कुणी उरलं नाही. बाईनं आकांडतांडव केलं. शेवटी दादू म्हणाला, "तुझाच कायदा ना? मेण नसेल तर जाईल. झूल टाकली की पोट दिसत नाही."

वरातीच्या दिवशी सकाळी बाई यायच्या आत मी शेवंतीला धुवायला घेतलं. म्हटलं, झकास चमकवू. कपड्याचा साबण, काथ्या, बादल्यांवर बादल्या. कासेपाशी सडांवर काहीतरी पिवळं चिकट बसलं होतं. मला वाटलं घाण. काथ्यानं घासली. शेवंतीनं लाथ झाडली, मी तिला एक गुद्दा हाणला आणि पुन्हा घासली. स्वच्छ.

बारा वाजता बाई घोंगडी घेऊन आत शिरली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा कपाळाला आठ्या. "शेपूट लई ढिली लागतीया," म्हणाली. "पर मेणाचा टिपूस न्हाई." आणि सडांना लागलेला हात पदराला पुसला.

तेव्हा मला कळलं. मेण म्हणजे तेच असणार, मी घासून काढलेलं. फक्त तोंड उघडायचं होतं, यार! पण समोर दादू चाबूक घेऊन उभा, शेजारी बाई फावडं घेऊन. माझी फाटली. मी शेवंतीवर झूल टाकली.

संध्याकाळी शेवंतीचा लगाम धरून मी वरातीत निघालो. असल्फ्याचा चढ लागला आणि बँडवाल्यांनी जोर धरला. कुणीतरी शेवंतीच्या पायाशी फटाक्यांची माळ सोडली. ती उसळली नाही, नुसती थांबली. सगळं अंग घामानं ओलं. मग मागचे पाय दुमडले आणि ती फतकल मारून खाली बसली. नवरदेव फेट्यासकट डांबरावर.

मग काय, वाट लागली. नवरदेवाचा मामा आधीच टाईट होता. "ऊठ, साली!" म्हणत त्यानं तिच्या पोटात बूट घातला. एक, दोन, तीन. बाकीच्यांनी माझा गळा धरला. मला आडवं पाडून बरगड्यांत लाथा, तोंडावर लाथा. एकजण माझ्याच हातून हिसकावलेल्या छडीनं शेवंतीच्या डोळ्यावर मारत होता. बँड मात्र चालूच.

मनाला पटत नव्हतं म्हणून सुंदराबाई वरातीच्या मागोमाग चालत आली होती. ती गर्दीत घुसली ती किंचाळतच. ढोलवाल्याच्या हातातलं टिपरू हिसकलं आणि मामाच्या थोबाडावर आडवं हाणलं. ओठ फाटला. परत हाणलं. तिसऱ्या फटक्याला त्याचा जबडा वाजलेला मी ऐकला. छडीवाल्याच्या मनगटाचा तिनं कडकडून चावा घेतला. "घोडी विती हाय रं, रांडेच्यांनो! मागं सरा!"

आता कुठे सगळे मागे सरले. तिनं झूल फाडून फेकली. शेपटीखाली पिशवी आली होती, पण लाल. पांढरी आली तर ठीक. लाल आली म्हणजे वार आधीच सुटली आणि आत शिंगरू गुदमरतंय, हे बाईनं मला कितीदा सांगितलं होतं. "सुरी!" ती ओरडली. सुरी कुठली? तिनं नवरदेवाच्या हातातली लिंबू खोचलेली कट्यार ओढली. शोभेची कट्यार, बोथट. पिशवीत शिरेना. मग तिनं दातांनी आणि नखांनी ती पिशवी फाडली, कोपरापर्यंत रक्तात हात घातला, दोन पाय धरले आणि शेवंतीच्या कळेबरोबर खाली खेचत राहिली. मी रांगत जाऊन बाईला कमरेला धरून ओढलं. शिंगरू बाहेर आलं. पांढरंशुभ्र, मादी, पाय लांबच लांब.

बाईनं शिंगराच्या नाकातली घाण तोंडानं ओढून काढली. चोळलं, थापटलं, उलटं धरलं. शिव्या दिल्या. मग लेकरू लेकरू करत गयावया केली. शिंगरू हललंच नाही.

शेवंती वाचली. खबर लागून दादू तबेल्यातून धावत आला आणि नेहमीप्रमाणे चाबूक उचलला. बाईनं पाठ पुढे केली. "मार. माझी बोटं चुकली. मेण असणारच, मला घावलं न्हाई. म्या मारलं लेकराला." आणि दादूनं तिला मारलं. भर रस्त्यात, तीन-चार फटके. मी रस्त्यावर दोन्ही हात टेकून बसलो होतो. माझ्या तोंडात रक्त होतं, जीभही होती.

दुसऱ्या दिवसापासून बाई आली नाही. विक्रोळीला कुठल्याशा कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासते, असं कळलं. तिच्यामागे तबेल्यात दोन घोड्या व्याल्या. एक शिंगरू जगलं, एक नाही.

तीन वर्षं मी हे गिळून काढली. मग राणी गाभण राहिली, शेवंतीची धाकटी बहीण. दिवस भरत आले, आणि दादूनं तिचंही वरातीचं बुकिंग घेतलं. त्या सकाळी मी सायकल काढली आणि थेट विक्रोळीला बाईच्या झोपडीवर गेलो.

बाई पोळ्या लाटत होती. बोटं सोड्यानं फाटली होती, नखं काळी. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. काथ्या, साबण, गुद्दा, सगळं.

तिनं लाटणं थांबवलं. "पिवळं व्हतं?"

"होय."

"चिकट? दोन्ही सडांना?"

"दोन्ही."

तिनं आपले हात वर धरले आणि बघत बसली. मग उठली. लाटण्याचा पहिला फटका तोंडावर बसला, दुसरा कानावर, मग मोजायचं राहिलं. "तीन वर्सं म्या माझ्या हातावर थुंकले रं! तीन वर्सं! तुला तोंड नव्हतं व्हय?" मी हात आडवे धरले नाहीत. शेजारीपाजारी धावले तेव्हा ती खाली बसून ऊर बडवत रडत होती.

रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि चप्पल घातली. म्हणाली, "चल."

तबेल्यात तिनं घोंगडी धरलीच नाही. माझ्या मानगुटीला धरून मला राणीच्या पोटाखाली वाकवलं. दोन्ही सडांच्या टोकांना पिवळसर थेंब सुकून बसले होते. तिनं माझं बोट धरलं आणि त्या थेंबावर टेकवलं. "बघ. ह्याला मेण म्हनत्यात. तवाच दाखवाया पायजे व्हतं म्या." मग तिथूनच दादूच्या नावानं ओरडली, "गेट लाव रं! घोडी जायाची न्हाई!"

दादूनं मुकाट्यानं गेट लावलं. तिची फाटकी बोटं माझ्या मानेत रुतली होती, फुटलेल्या तोंडातलं रक्त चाऱ्यावर गळत होतं, आणि मी "दिसलं मावशी, दिसलं" म्हणत लहान पोरासारखा रडत होतो.