सातवी नस, आठवी नस

कोट शिवायचा असेल तर मास्तरांकडे जावं, आणि पोट सुटलेलं असेल तर मास्तरांकडेच जावं, असं त्या गल्लीत सगळे म्हणत. दुसऱ्या शिंप्याकडे कमरेभोवती टेप फिरली की आकडा खणखणीत आवाजात दुकानभर होतो आणि बाकावरचे रिकामटेकडे कान टवकारतात. इथे तसं नव्हतं. मापं काकू घेत. टाचण्या मनगटावरच्या गादीत खोचलेल्या, तोंड मोकळं. टेप लावून झाली की त्या मान वळवून कापणीच्या टेबलामागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघत आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवत. मास्तर मान डोलावून खडूने आकडा टाकत. गिऱ्हाइकाच्या पोटाची बातमी त्या दोघांच्या बाहेर जात नसे. जाड्या माणसांनी त्या दुकानाला डोक्यावर घेतलं होतं ते यामुळेच.

लोकांना वाटे, काय ही सभ्यता! सभ्यता कसली, मास्तरांना ऐकूच येत नव्हतं.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा मास्तरांना मेंदूचा ताप आला. जीव वाचला, कान गेले. दवाखान्यातून घरी आल्यावर हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राही. सासरच्यांनी उसासे टाकले, माहेरच्यांनी "तुझं नशीब" म्हणून हात झटकले. काकू तेव्हा काकू नव्हत्या, विशीतली पोर होती, पण एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. तिने नवऱ्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवलं आणि म्हणाली, "भिंत काय बोलते? माझ्याकडे बघा." त्याला एक अक्षर कळलं नाही. ती पुन्हा म्हणाली. रोज म्हणत राहिली. हळूहळू मास्तर तिच्या ओठांवरून भाजीच्या भावापासून टोमण्यांपर्यंत सगळं वाचू लागले. बाकीच्यांचं मात्र कधी जमलं नाही. कुणी मिशीआड बोलतं, कुणी दातांत बोलतं, कुणी बोलताना छताकडे बघतं. मास्तरांनी जगातलं एकच तोंड शिकून घेतलं, आणि त्या एका तोंडावर दुकान, संसार आणि एका मुलीचं लग्न एवढं सगळं निभावलं.

अशा घरात एका सकाळी चूळ भरताना काकूंच्या तोंडातून पाणी एका बाजूने गळलं. चहाचंही तेच झालं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची डावी बाजू इस्त्री फिरवल्यासारखी गुळगुळीत, कपाळावर एक आठी नाही, डोळा मिटत नाही आणि ओठाचा कोपरा खाली ओघळलेला. शिलाई मशीन सुरू केलं तर डाव्या कानात घणाचे घाव पडल्यासारखं झालं. धाकटी नणंद मागच्याच गल्लीत राहायची. ती धावत आली आणि तिने दारातूनच गळा काढला, "वहिनी, झटका आला गं तुला!"

"मेले नाहीये अजून," काकू म्हणाल्या. ते अर्ध्याच ओठांनी बाहेर आलं, त्यामुळे नणंदेने आणखी मोठा सूर लावला.

नसांच्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी काकूंना भुवया वर करायला सांगितल्या. उजवी गेली, डावी जागची हलली नाही.

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या.

नणंदेला रागच आला. "यात छान काय आहे?"

"मेंदूचा झटका असता तर कपाळ बहुतेक हललं असतं. कपाळही अडलंय, म्हणजे बिघाड नसेत दिसतोय."

टेबलावर प्लास्टिकची कवटी होती आणि तिच्या भोकाभोकांतून रंगीत तारा बाहेर आल्या होत्या. मेंदूपासून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या, डॉक्टरबाईंनी सांगितलं. पहिली वास घेते, दुसरी बघते. डोळा फिरवायला तिसरी, चौथी आणि सहावी अशा तिघी.

"एका कामाला तिघी?" काकू म्हणाल्या. "सरकारी खातं दिसतंय."

पाचवी गालाला स्पर्श कळवते आणि घास चावते, म्हणून काकूंचा गाल हलत नसला तरी चिमटा काढलेला कळत होता. नववी आणि दहावी गिळणं आणि आवाज सांभाळतात, आणि दहावीला तर घशाशी थांबवतच नाही, ती पार पोटापर्यंत भटकून येते. अकरावी खांदे उडवते, बारावी जीभ वळवते. काकूंची जी रुसली होती ती सातवी. हसू, आठ्या, पापणी मिटणं, ओठांची हालचाल, चेहऱ्याचा सगळा कारभार तिच्याकडे. जिभेच्या पुढच्या भागाची चव तिच्याकडे, आणि मोठा आवाज कानात घुसायच्या आधी त्याला जरा आवरणं हेही तिचंच काम. हाडातल्या एका अरुंद बोळातून जाताना ती सुजली होती, आणि सूज आली म्हणून हाडाचा बोळ काही रुंद होत नाही.

काकूंनी कवटीत बोट घातलं. सातवीची तार पिवळी होती. तिच्या अंगाला अंग लावून एक निळी तार त्याच भोकात शिरत होती.

"ही कोण?"

"आठवी. ऐकणं आणि शरीराचा तोल."

"म्हणजे ह्यांची गेलेली?"

"तापात कानाच्या आत तिच्या टोकाशी नुकसान झालं असणार. अंधारात चालताना भिंत धरतात का हे?"

"धरतात." काकूंनी दोन्ही तारांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "दोघी एकाच दारातून ये-जा करतात की! आमची जोडी ह्याच भोकात जुळली होती वाटतं."

हसल्या त्या अर्ध्याच. डॉक्टरबाईंनी लगेच गोळ्या सुरू केल्या, दिवसा डोळ्यात थेंब आणि झोपताना डोळ्यावर पट्टी सांगितली. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो, म्हणाल्या, पण काहींचा पुरता येत नाही. मास्तर शेजारच्या खुर्चीत बसून बायकोच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. काकूंना रूपाचं सोयरसुतक नव्हतं. चेहरा वाकडा राहिला तर राहू दे. पण हे तोंड नवऱ्याला वाचता आलं नाही तर त्याच्याशी बोलायला जगात कुणीच उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. नणंद पाटी घेऊन आली होती, ती काकूंनी परत पाठवली. "पाटीवर भांडता येतं का? खडू सापडेपर्यंत राग निघून जातो." त्यांनी टेप गळ्यात घातली, गिऱ्हाइकाची छाती मोजली आणि मान वळवून नेटाने ओठ हलवले. मास्तरांनी नेहमीसारखी मान डोलावली. खडू चालला. काकूंचा जीव भांड्यात पडला.

मग काय, दुप्पट जोमाने बोलणं सुरू झालं. जेवताना काकू बोलत, मास्तर मान डोलावत. एकदा दुकान आवरताना काकूंनी विचारलं, "अहो, हे असंच राहिलं तर? तुम्हाला भीती वाटते का?" मास्तर हसले आणि त्यांनी मान डोलावली. काकूंना ते जरा चमत्कारिक वाटलं, पण गिऱ्हाईक आलं आणि ते तिथेच राहिलं.

पुढे जुने गिऱ्हाईक वकीलसाहेब नवा कोट घालून बघायला आले. बटण आणि काज यांची भेटच होईना, मध्ये चांगलं चार बोटांचं अंतर. वकीलसाहेबांनी श्वास आत ओढला, पोट आत ओढलं, डोळे बाहेर आले, पण बटण काही लागलं नाही. काकूंनी मापांचा कागद पाहिला. त्यावर त्यांनी सांगितलेला एकही आकडा नव्हता. ते वकीलसाहेबांच्या जुन्या कोटाचे आकडे होते, आणि त्यानंतर साहेबांनी चांगलंच बाळसं धरलं होतं. बाकीच्या गिऱ्हाइकांची मापं मास्तरांनी नुसत्या नजरेने टाकली होती. नजर पक्की, म्हणून आतापर्यंत झाकली मूठ राहिली होती.

वकीलसाहेबांना पुढची तारीख देऊन काकूंनी शटर अर्धं ओढलं आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "अहो, तुम्हाला मी बोललेलं काहीच कळत नव्हतं?"

मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आणि त्यांनी मान डोलावली.

तेव्हा काकूंना सगळा उलगडा झाला. नुसती मापं नाहीत. जेवतानाचं, दुकान आवरतानाचं, सगळंच बोलणं हवेत गेलं होतं. त्यांनी खडू उचलून कापणीच्या टेबलावरच लिहिलं, 'कधीपासून?'

"पहिल्या दिवसापासून," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा मोठा आणि सपाट, वर-खाली न होणारा. "तू एवढ्या जोमाने बोलत होतीस. कळत नाही असं कुठल्या तोंडाने सांगू?"

काकू रडल्या. ताप आला तेव्हा रडल्या नव्हत्या, मुलीला सासरी धाडताना जेमतेम रडल्या, पण आता कापडांच्या गठ्ठ्यावर बसून हमसाहमशी रडल्या. इतके दिवस आपण एकट्याच बोलत होतो ह्याचं दुःख होतं, आणि हा माणूस इतके दिवस एकटाच बसला होता ह्याचं जास्त होतं. मास्तर जवळ उभे राहून पाठीवरून हात फिरवत राहिले. रडून झाल्यावर काकूंनी नाक पुसलं आणि लिहिलं, 'आता पहिल्यापासून.'

रोज दुकान उघडायच्या आधी दोघं समोरासमोर स्टूल टाकून बसू लागले. काकू वर्तमानपत्र वाचत, मास्तर त्यांना काय दिसलं ते सांगत. मान डोलावायला सक्त बंदी. कळलं नाही तर 'नाही कळलं' असं तोंडाने म्हणायचं. सुरुवातीला मास्तर सारखे तेवढंच म्हणत. गिऱ्हाइकांसाठी मुकाट्याने पाटी आणली गेली. नणंद "मी सांगत होते" म्हणाली, आणि तेही काकूंनी गिळलं.

तिकडे आरशासमोर त्यांचं वेगळंच युद्ध चालू होतं. बोटांनी गाल खेचायचा, ओठ ताणायचा, तोंड वेडंवाकडं करून घाम गाळायचा. डॉक्टरबाईंनी ते पाहिलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. "काकू, चेहरा म्हणजे गंजलेलं शटर नाही, लाथ मारून उघडायला. सावकाश. अगदी थोडं. दमलात की थांबायचं." हट्टी माणसाला कष्ट कर म्हटलं तर तो डोंगर फोडील, पण सबुरीने घे म्हटलं की त्याची खरी परीक्षा. काकूंनी तोही हट्टच धरला, आणि सबुरी पाळली.

ओठाचा कोपरा पहिल्यांदा हलला तो मास्तरांनी पाहिला. "हललं!" असे ते ओरडले की रस्त्यावरचा सायकलवाला ब्रेक लावून थांबला.

पुढच्या महिन्यांत चेहरा बराचसा भरून आला, पण सरळ मार्गाने नाही. नव्याने वाढणारे तंतू वाट चुकले होते. ओठांकडे जायचे त्यांतले काही डोळ्याकडे पोचले, आणि काकूंनी ओठांचा चंबू केला की डावा डोळा आपोआप मिटू लागला. मापं सांगताना तर तो हटकून मिटे. बँकेतला एक नवा कारकून शर्टाचं माप देऊन गेला आणि थेट वकीलसाहेबांकडे जाऊन कुजबुजला. वकीलसाहेब पोट धरून हसत दुकानात आले. "काकू, तो पोरगा म्हणतो, तुम्ही त्याला डोळा मारलात!"

"त्याची छाती मोजलीय मी," काकू म्हणाल्या. "डोळा मारण्याजोगं काही नाही तिथे."

गंमत म्हणजे, मास्तरांचं वाचन त्यानंतर सुसाट सुटलं. काकूंनाच नवल वाटलं. विचारलं तर म्हणाले, "आता मी डोळाच बघतो. ओठ अजून अर्धवट हलतात, नीट कळत नाहीत. पण ते गोल होताहेत की नाही ते डोळा सांगतो. तेवढं धरलं की बाकीचं जुळवता येतं." पाटी कपाटावर गेली. मापं पुन्हा बिनआवाजाची झाली, आणि जेवण पुन्हा गप्पांचं झालं. डाव्या डोळ्याच्या आधाराने का होईना, माणूस घरात परत आला होता.

पण तो डोळा काकूंना भारी पडत होता. दिवसभर ओढला जाऊन संध्याकाळी ठणकायचा, आणि सुईत दोरा ओवताना नेमका मिटायचा. पुढच्या तपासणीला डॉक्टरबाई म्हणाल्या, "पापणीभोवती एक इंजेक्शन देता येतं. स्नायू सैल पडतो, मिटणं बरंच थांबतं. काही महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागेल, पण आराम पडेल."

"मिटणं थांबतं?" काकूंनी विचारलं.

"हो. तेच तर हवंय ना?"

काकूंनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नको," त्या म्हणाल्या. "चाललंय तसं बरं आहे." आणि पर्स उचलून बाहेर आल्या.

बाहेर बाकावर मास्तर त्यांच्याशेजारी बसले. डॉक्टरबाईंचं बोलणं त्यांना कळणं शक्यच नव्हतं. पण बायको काय म्हणाली ते त्यांनी वाचलं होतं.

"काय थांबणार होतं?" त्यांनी विचारलं.

काकू समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांना नवऱ्याला आपलं तोंड दिसू नये असं वाटत होतं. मास्तर उठले, वळसा घालून त्यांच्या पुढ्यात उकिडवे बसले आणि वाट बघू लागले. उठायचं नावच घेईनात. शेवटी काकूंनी सांगितलं. इंजेक्शन, डोळा, सगळं. सांगतानाही तो मेला मिटतच होता.

"दुखतो?" मास्तरांनी विचारलं.

"रोज."

"आणि मला दिसावं म्हणून ठेवणार होतीस?"

दवाखान्यातली माणसं त्या मोठ्या सपाट आवाजाकडे वळून बघत होती. मास्तरांना त्याचा पत्ता नव्हता, आणि असता तरी फरक पडला नसता.

"डोळा तुझा आहे," ते म्हणाले. "वाचायचं कसं, ते मी बघेन. दोनदा शिकलो, तिसऱ्यांदा शिकेन. जा आत."

"पुन्हा चुकतील मापं."

"चुकू देत. उसवेन आणि पुन्हा शिवेन. तेच काम करतो मी."

काकूंनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग टेप अजून गळ्यातच राहिली आहे हे त्यांच्या लक्षात आलं, ती काढून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली आणि डॉक्टरबाईंच्या दारावर टकटक केली.