जवाचं पाणी

नव्वद-एक्याण्णवला पनवेलमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ दर रविवारी स्वयंपाकघरातल्या गॅसवर जव उकळून बिअर करायचे. प्रत्येक वाक्याला 'आपलं' लावायची त्यांना सवय. वास जिन्यात उतरला की कोणी विचारायच्या आत दार किलकिलं करून सांगायचे, "मुतखडा आहे ना, जवाचं पाणी आपलं."

एकदा मी चव बघायला गेलो असताना तळमजल्यावरच्या आजी तांब्या घेऊन आल्या. "आमच्या ह्यांना पन खडा झालाय. थोडा पानी द्याल काय?"

गृहस्थांचे कान लाल झाले. "हे करपलंय आपलं," म्हणत त्यांनी अख्खं पातेलं मोरीत ओतलं, घासलं, नुसते जव उकळून गाळले आणि तांब्या स्वतः खाली पोचवला. त्यानंतर बिअर केलीच नाही. आजोबांचा रविवारचा तांब्या मात्र चुकवला नाही.

पुढे आजोबांचा खडा पडला. आजी पेढे घेऊन वर आल्या. "तुमचा पडला काय?"

"नाही," ते पुटपुटले. 'आपलं' म्हणायचंही विसरले.

"मंग आता मी आनून देईन."

तेव्हापासून दर रविवारी आजी तांब्या भरून आणायच्या आणि संपेपर्यंत दारात उभ्या राहायच्या. ते खाली मान घालून शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे. मी जिन्यात दिसलो, तर पाठ करून.