बेसचं खोकं
प्लायवूडच्या भुशाचा वास आला की मला थोरला चुलतभाऊ आठवतो आणि डोकं फिरतं. बेस गिटारसाठी मी दोन महिने खपून अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरचं खोकं बनवलं होतं. मी कामावर गेल्यावर त्यानं न विचारता खोकं उचललं आणि मंडळाच्या मिरवणुकीत, ट्रॅक्टरवरच्या डॉल्बीच्या भिंतीत नेऊन लावलं. पहिल्याच गाण्याला स्पीकरचा पडदा फाटला. संध्याकाळी ते अंगणात आपटून वर मलाच म्हणाला, "दमच न्हाय की तुझ्या खोक्यात!" आई म्हणाली, "देवाचं काम हाय, बोलू नगंस." परवा माझ्या खोलीत बसून दुसरं खोकं बांधलं, दारापेक्षा चार बोटं मोठं. आता ते कुणालाच बाहेर नेता येणार नाही. मलासुद्धा.