फ्रिजमधलं एडेलवाइस

मंडळी, आज आमच्या सिंगापुरातल्या, यिशुन भागातल्या फ्लॅटमध्ये फ्रिजवरून भांडण झालं!

नवरा बोटीवर इंजिनिअर. गेल्या खेपेला त्यानेच युरोपातून एडेलवाइसचं बी आणलं. आल्प्सच्या खडकांत येणारं हे इवलंसं पांढरं फूल. बी रुजायला आधी थंडी लागते, म्हणून मी कुंडी फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवली होती.

आज साहेब घरी आले, कुंडी बाहेर काढली आणि तिथे बिअर ठेवली. "सिंगापुरात कसलं उगवतंय ते!"

लेकीनेही इथल्या सिंगापुरी इंग्रजीत री ओढली, "कॅनॉट लाह, आई. नाही व्हायचं."

पुण्यात मी बॉटनी शिकवायचे. इथे आल्यावर साहेबांचं "आता ते विसर" हेही मी मुकाट ऐकलं होतं. आज नाही ऐकलं. बिअर काढली, कुंडी आत ठेवली.

कुणाच्या फ्रिजमध्ये बिअरला जागा आहे का? आमच्याकडे बी रुजेपर्यंत नाही.