एका पाळण्याचा निकाल

माझ्या मुलीच्या बारशाच्या दिवशी मी माझ्या आईला हरवलं. भर घरात, तिच्या विहिणीसमोर, आणि तेही झोपेतून उठून. आठवलं की आजही मला आधी हसू फुटतं. वाईट वाटतं ते नंतर.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत. पण माझं माहेर हमरापूरकडचं, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्यांचं, आणि मुलगी झाली ऐन आषाढात. त्या दिवसांत आमच्याकडे माणसांना जागा नसते. ओटीवर गणपती, माजघरात गणपती, जिन्याच्या पायऱ्यांवर छोटे गणपती आणि घरभर रंगाचा वास. त्या वासात तान्ही पोर कुठे ठेवणार? म्हणून मी निडीला, सासरीच राहिले. चार बायकांनी नाकं मुरडली. आईने त्यांना ऐकवलं, "तुम्ही या डोळं आखाया, मी जाते लेकीकडं." एकही आली नाही.

डोळे आखायचं काम आईचं. मूर्तीचा बाकीचा रंग कोणीही लावतं, डोळ्यांना मात्र तीच हवी. आणि हातात कुंचला आला की ती गाते. आमच्या आळीत तिचा गळा नावाजलेला आहे. गौरीची गाणी असोत की हळदीची, सुरुवात तिनेच करायची. बारशाला तर तिच्याशिवाय पाळणा हलत नाही. तोच पाळणा, पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत बारा कडव्यांचा, माझ्या सासूबाईंनाही येतो. शब्द तेच, फक्त त्यांच्याकडची चाल वेगळी. खरं तर चाल म्हणावी असं त्यात फारसं काही नाही. भातलावणीला चिखलात वाकून मागे मागे सरकताना बायका ज्या ठेक्यात गातात, त्याच ठेक्यात त्या पाळणाही म्हणतात.

भांडण गाण्यावरून नव्हतंच. भांडण नावावरून होतं. सासूबाईंना दोन अक्षरी नाव हवं होतं. का, तर बांधावरून हाक मारायला सोपं. आईने आणलं होतं चार अक्षरी, देवीचं. ते नाव तिने मुळात माझ्यासाठी ठरवलेलं. माझ्या बारशाला तिला कोणी विचारलंच नाही. आत्याने भलतंच नाव कानात सांगितलं, आणि आईने आपलं नाव अठ्ठावीस वर्षं पोटात ठेवलं. हे तिने मला आदल्या संध्याकाळी सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, लंगोट घड्या करता करता. तिने आजवर माझ्याकडे एवढं एकच मागितलं होतं.

बारशाच्या दिवशी जेवणं झाली तरी नाव ठरेना. नवरा धाटावच्या कंपनीतून खास रजा काढून घरी होता. दोन्ही बाजूंनी आवाज चढल्यावर तो पेढे आणायला म्हणून रोह्याला सटकला. शेवटी नणंद वैतागली. "संध्याकाळी कानात सांगायचंय मला. मी काय चिठ्ठ्या टाकू? दोघी पाळणा म्हणा. जिचा सरस, तिचं नाव."

दोघींच्या डोळ्यांत अशी चमक आली की मला हसू आवरेना. टाके दुखत होते तरी हसत होते.

"पण निकाल कोण देणार?" मी विचारलं.

"तू दे," सासूबाई म्हणाल्या.

"ती माझी लेक हाय, विहीणबाई," आई म्हणाली. तिलाच माझी दया आली बहुतेक.

"असू दे. खोटं बोलायची नाय ती."

झालं! आता खोटं बोलायची सोयच उरली नाही. सासूबाईंचा असा राग आला मला!

टांगलेला पाळणा झेंडूच्या माळा लावून तयार होता, पण बारशाआधी पोरीला त्यात घालायचं नाही, म्हणून तिला साडीच्या झोळीत घातलं. दूध पिऊन ती टक्क जागी होती. पहिली पाळी पाहुणीची.

आईने सूर लावला आणि मागच्या दारी भांडी घासणारी बाई हात थांबवून आत आली. काय आवाज तो! पहिलं कडवं असं उचललं की माझ्या अंगावर काटा आला. आणि कडव्याच्या बरोबर मध्यावर आई थांबली. गप्प. एक, दोन, तीन... मग जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा सुरू.

झोळीत पोरगी दचकली. दोन्ही हात वर.

दुसरं कडवं, पुन्हा मध्येच शांतता, पुन्हा पोरगी दचकली. नणंद माझ्याकडे बघायला लागली. मला मात्र कळलं होतं. गणपतीच्या डोळ्याची वरची रेघ एका दमात ओढायची असते. रेघ संपेपर्यंत श्वास सोडायचा नाही, सोडला की हात हलतो. म्हणून आमच्याकडच्या बाया रेघेपुरतं गाणं तोडतात आणि कुंचला उचलला की पुढे गातात. मी लहानपणापासून तसंच ऐकलेलं, मला ते तुटलेलं कधी वाटलंच नव्हतं. आईकडे आज नीट बघावं तर तिची तीन बोटंही चिमटीत धरलेली! निडीच्या माजघरात बसून बाई हवेत डोळे आखत होती.

मी पदर तोंडात कोंबला. पाचव्या दिवसापर्यंत पोरीने भोकाड पसरलं. आईला वाटलं आवाज कमी पडतोय, म्हणून तिने पट्टी चढवली. पोरगीही चढली. उरलेले सात दिवस दोघींनी मिळून पार पाडले. तरी सांगते, तसं गाणं मी पुन्हा ऐकलेलं नाही.

मग सासूबाई बसल्या. आवाज घोगरा, चौथ्या दिवसानंतर एकदम सातवा दिवस, मग आठवण आल्यावर पाचवा. पण थांबणं नाही. लावणीत थांबली ती ओळीत मागे राहिली, त्यामुळे श्वाससुद्धा त्या कधी घेतात ते कळत नव्हतं. एक पाय मागे, मग दुसरा, मग पहिला. पोरीचं रडणं हुंदक्यांवर आलं. मग हुंदकेही गेले.

त्यानंतरचं मला माहीत नाही.

"वहिनी! ओ वहिनी!" नणंद मला गदागदा हलवत होती. पोरगी झोपलेली, भांडीवाली भिंतीला टेकून पेंगलेली, आणि परीक्षकबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या म्हणे.

"कोणाचा बरा?" सासूबाईंनी विचारलं.

मी आईकडे बघितलं. तिची चिमूट अजून सुटली नव्हती. तुझाच, एवढं म्हणायचं होतं. अठ्ठावीस वर्षांचं नाव त्या एका शब्दावर अडलं होतं, आणि तो शब्द माझ्या तोंडून निघेना.

"गाणं तुझं बरं, आई," मी म्हटलं. "पाळणा ह्यांचा."

"झोपली होतीस गो तू! ऐकलास कवा?"

"तेच म्हणतेय मी."

आई असली हसली की झोळी हलली. सासूबाई हसल्या, नणंद हसली, भांडीवाली दचकून उठली आणि कारण न कळताच हसायला लागली. मीही हसले, पण मला रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून जास्तच मोठ्याने हसले. संध्याकाळी नणंदेने दोन अक्षरी नाव पोरीच्या कानात सांगितलं. आईने सगळ्यांबरोबर घुगऱ्या वाटल्या. पण ते नाव काही तिने उच्चारलं नाही. तिच्या तोंडी नुसतं "बाय" आणि "सोनी".

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला परत जायचं होतं. पिशवी दाराशी भरून ठेवलेली, गाडीला अजून वेळ होता. मी न्हाऊन आले तर आई पाळण्याशी बसलेली. दोरी तिच्या हातात, आणि पाळणा तोच, तिच्याच चालीत. मी दारातच थांबले. कडवं मध्यावर आलं, आता ती थांबणार, पोर दचकणार.

ती थांबली, आणि त्या थांबलेल्या जागेत तिने हलकेच दोन अक्षरं ठेवली. पोरीचं नाव. बरोबर एका रेघेएवढं. मग पुढची ओळ. प्रत्येक कडव्यात तसंच, बाराव्या दिवसापर्यंत. पोरगी एकदाही हलली नाही.

चुलीपुढून सासूबाईंनी मला हात केला आणि हळूच विचारलं, "आता गो? आता कोणाचा?"

मी ओठांवर बोट ठेवलं. नाव ठेवून झालं होतं, आणि आई ते अजून म्हणतच होती.