तीन पेचकस

परवा कुकरचा दांडा आवळायला पेचकस हवा होता. पेचकस बांधलेलं जुनं फडकं सोडलं आणि रॉकेलचा वास आला. काही वर्षांपूर्वी दुष्काळात आमचा सहकारी साखर कारखाना बंद पडला, मी फिटर घरी बसलो, त्याच उन्हाळ्यात परळीच्या एका म्हाताऱ्या बंदूक-दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेलतो. त्यांच्या परवान्यावर माझ्या घरी काम करायचं, म्हणून दुरुस्तीची हत्यारं निवडायची होती. मी लोखंड पकडून धरायचा मोठा व्हाइस उचलला तर ते भडकले, "कारखाना हाय का बे ह्यो? आधी पेचकस. पातं खाचंत चपखल बसलं न्हाई तर स्क्रू नासतो." मग रॉकेल टाकून दगडावर त्यांनी तीन पाती घासली, बंदुकीच्या स्क्रूच्या मापाची, लई पातळ. फडक्यात बांधताना विचारलं, "औंदा ऊस हाय का तुमच्याकडं?" मी न्हाई म्हणालो. "मग रानडुकरं कशाला येतील? अन् डुकरंच न्हाईत तर पीक राखायच्या बंदुका कोन काढील?" तरी गाठ त्यांनी घट्टच मारली. दुरुस्तीला एकही बंदूक आली नाही, वर्षभरात चाचाही गेले. परवा तिन्ही पेचकस लावून पाहिले. कुकरच्या स्क्रूच्या रुंद खाचेत पातळ पाती नुसतीच फिरली. शेवटी बायकोनं सुरीच्या टोकानं दांडा आवळला, आणि मी फडक्याला परत गाठ मारली.