आंबेखोलकरांची खोली

करी रोडच्या त्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, सतरा नंबरच्या दाराशी बायकांच्या चपलांचे कायम दोन जोड दिसतात. दोन्ही सुभद्राचेच. एक पायात घालायचा, दुसरा नुसता दाखवायचा. ती भाजी आणायला खाली उतरली तरी दाराशी चपला दिसल्या पाहिजेत आणि दार अर्धं उघडं राहिलं पाहिजे, कारण पुनर्विकासाचा सर्व्हेवाला कधी जिना चढून येईल याचा नेम नाही. कुलूप दिसलं की तो कागदावर ‘बंद’ असा शेरा मारतो आणि बंद खोलीचा हक्क बुडतो, हे आंबेखोल गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. ते खरं की खोटं, हे कुणी कधी विचारलेलं नाही. विचारायचं तर मुंबईला येऊन राहावं लागेल, आणि त्याला कुणी तयार नाही. म्हणून सुभद्रा आहे.

खोली गावाची. अमक्या माणसाची नव्हे, लांजा तालुक्यातल्या अख्ख्या आंबेखोलची. अडतीस साली गिरणीत लागलेल्या गावच्या बाप्यांनी मिळून ती भाड्याने घेतली. बत्तीस माणसं आणि तीन पाळ्या, तेव्हा एक उठून कामावर गेला की दुसरा त्याच चटईवर आडवा व्हायचा. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, पेटीवर रंगाने नाव. राहायला येणाऱ्याचं नाव, वाडी आणि तारीख लिहायला एक जाड वही. नियम दोनच: खोलीत बाई नको, आणि झोपेल तो गावचाच. त्या काळी चाळीत दर दाराआड एकेक गाव होतं. लोक पत्ता सांगताना नंबर सांगत नसत, गाव सांगत.

मग गिरण्या गेल्या. कुणी विरारला गेलं, कुणी दिव्याला, बरेचसे गावी परतले. पेट्या मात्र माळ्यावरच राहिल्या, कारण पेटी हलली की हक्क हलला, ही आणखी एक समजूत. आंबेखोलात समजुतींना तोटा नाही. आता माळ्यावर बत्तीस रिकाम्या पेट्या आहेत आणि त्यांच्याखाली एक बाई झोपते.

ही बाई तिथे आली कशी, ते ऐकण्यासारखं आहे. सुभद्रा परळच्या एका हॉस्पिटलात आया होती. नवरा जयवंत गिरणीतून सुटल्यावर, त्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरचा वॉचमन झाला. दोघं नायगावला भाड्याच्या खोलीत राहिली आणि पोटाला चिमटा काढून त्यांनी गावी घर बांधलं. जांभ्याचं, तीन खोल्यांचं, पुढे पडवी. घरभरणीला गेली तेव्हा सुभद्रा त्या घरात अकरा रात्री झोपली. मूलबाळ नव्हतं, म्हणून जयवंतने सतरा नंबरातला आपला हिस्सा पुतण्याच्या नावे करून दिला, आणि पुढच्या वर्षी तो गेला. सुभद्राने नोकरी सोडली, नायगावचं बिऱ्हाड आवरलं, बोचकी बांधली. एसटीचं तिकीटसुद्धा काढलं होतं.

तेवढ्यात गावच्या मंडळाचा सेक्रेटरी चिंतामणी दारात उभा राहिला. “काकी, चारच महिने. बिल्डरचा करार होईस्तोवर खोलीत राहा.”

“मीच का रे?”

“तुझा हिस्सा नाही ना त्यात. दुसरा कुणी बसला तर खोली गिळून टाकेल. तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास.”

बत्तीस वारसांचं उभ्या जन्मात एकमत झालेलं हे एवढंच. चार महिन्यांची सहा वर्षं झाली. ‘खोलीत बाई नको’ हा नियम गावाने कधी मोडला, कुणाला आठवतही नाही. गरजेला नियम मोडतो आणि त्याचा कुणी आवाज करत नाही, ही आपली जुनी रीत.

सुभद्राला कुणी कोंडलेलं नव्हतं. दार तर कायमच उघडं. पण ते उघडं ठेवण्यासाठीच ती आत होती, आणि हे तिचं तिलाच कुणाला समजावून सांगता येत नसे. सहा वर्षांत ती करी रोड ते लालबाग बाजार एवढंच चालली. सख्खा भाऊ गेला तेव्हाही चिंतामणीने फोनवर सांगितलं होतं, “काकी, परवा सर्व्हे आहे म्हणतात.” सर्व्हे काही झाला नाही.

चाळ तिच्याभोवती बदलत गेली. सोळा नंबरात पूर्वी देवगडकडचं एक गाव होतं, आता तिथे ओडिशाच्या केंद्रापाड्याचे सहा प्लंबर राहतात. पलीकडे बंगालचे जरीकाम करणारे, कोपऱ्यात संगमरवर घासणारे राजस्थानी. सोळातला बिरंची समोरच्या टॉवरमध्ये पाइप टाकायचा. त्यांच्या भिंतीला तशाच खुंट्या, कोपऱ्यात तशीच पेट्यांची उतरंड, आणि सकाळी पाणी घातलेला शिळा भात. “म्हणजे आमची पेजच की रे,” असं सुभद्रा पहिल्यांदा पाहून म्हणाली होती. बाजारात जाताना ती त्यालाच दाराकडे लक्ष ठेवायला सांगायची.

“मौसी, हमारा भी सेम है,” तो म्हणायचा. “इधर अपने गाँव का आदमी ही सोएगा. पर हम लोग पारी से घर जाते हैं. तुम कब जाएगा?”

“गाँव का सब जात का आदमी सोता है क्या तेरे इधर?” तिने एकदा सहज विचारलं. बिरंची पान्हे पिशवीत भरू लागला.

यंदा मात्र सुभद्राने मनाशी ठरवलं होतं, शिमग्याला जायचंच. तिकडे शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. घरची बाई दार उघडून ओटी भरते आणि वर्षाचं गाऱ्हाणं घालते. बंद घरापुढे पालखी थांबत नाही, वळते. सुभद्राच्या घरापुढून ती सहा वेळा वळली होती. घर बांधलं तिने, आणि देवीच्या लेखी ते घरच नव्हतं. हे तिला इतकं लागलं होतं की रात्री पडल्या पडल्या ती ओटीचे तांदूळ कुठल्या डब्यातून काढायचे तेसुद्धा ठरवून ठेवायची.

तिने चिंतामणीला फोन केला. तो म्हणाला, “जा की! मी नाही कुठे म्हणतोय? पाच दिवस तुझ्या जागी गावचं माणूस बसव.”

तिने अकरा घरी फोन लावले. एकाचे गुडघे, एकाची परीक्षा, एकाची सून बाळंत. दिव्याचा जयवंतचा पुतण्या, ज्याला हिस्सा मिळाला तो, म्हणाला, “काकी, तिथं संडास बाहेर आहे ना गो.” तेव्हा तिच्या डोक्यात कांता आली.

कांता आंबेखोलचीच, बौद्धवाडीतली. दोघी एकाच वर्षी गावात सुना म्हणून आल्या आणि पुढे एकाच वॉर्डात बावीस वर्षं आया होत्या. कांताचं बिऱ्हाड वरळीच्या चाळीत. गेली सहा वर्षं ती दर गुरुवारी सुभद्राकडे यायची, आत बसून चहा प्यायची, हॉस्पिटलातल्या नर्सांच्या नकला करायची. तेवढा एक दिवस खोलीत हसू असायचं.

पाच दिवस बसशील का, असं सुभद्राने विचारलं तेव्हा कांताने माळ्यावरच्या पेट्यांकडे पाहिलं.

“माझा सासरा, रामजी, गावातून पहिल्यांदा आला तो ह्याच दारात,” ती म्हणाली. “मास्तरांची चिठ्ठी घेऊन. गावची खोली म्हणून आला बिचारा. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत गॅलरीत बसून होता. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. मग कुणीतरी सांगितलं, तुमच्या लोकांची खोली वरळीला. त्या खोलीची राखण मी करू?”

 

“तुझ्या पालखीचं मला काय नाय,” कांता पुढे म्हणाली. “आमच्या वाडीत ती येत नाय नि आम्ही बोलवत नाय. पण तुझं घर तू उघडावंस, हे मला कळतं. बसते मी पाच दिवस. एकच कर. वहीत माझं नाव लिही. पूर्ण, गावासकट. बाकीच्यांचं लिहिलंय तसं.”

“लिहिते गो. त्यात काय!”

म्हणाली खरी. पण त्याच दुपारी वही मांडीवर घेतली आणि तिला फोटो आठवला. चिंतामणी दर महिन्याला त्या पानाचा फोटो मागवायचा. त्यात कांताचं नाव दिसलं तर बत्तीस घरं खवळणार, म्हणणार, काकीने बौद्धवाडीला हक्क दिला. तिला खोलीतून काढतील. तेही चाललं असतं, पण गाव रुसलं तर उघड्या दारावरूनही पालखी पुढे नेतील. पेन तिने दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. मग टीव्हीवरची पेन्सिल घेतली आणि सुबक अक्षरात लिहिलं: कांता विठ्ठल रामजी कांबळे, बौद्धवाडी, आंबेखोल. परत आल्यावर पुसता येईल, असं तिने मनाशी म्हटलं. दोघींचंही भलं होईल, असंही म्हटलं. भित्र्या माणसाला स्वतःची समजूत काढायला फार वेळ लागत नाही.

निघायच्या दिवशी कांता पिशवी घेऊन आली. आधी वही मागितली. जयवंतचं नाव शाईत, चिंतामणीचं शाईत, सुभद्राचं शाईत, आणि त्याखाली आपलं. कांताने त्यावरून अंगठा फिरवला. ‘आंबेखोल’ जरा पुसट झालं, अंगठा काळा झाला. तो तिने पदराला पुसला.

“खोडरबर पण आणलंयस ना?” तिने विचारलं.

“कांता, अगो, ऐक...”

कांता रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पिशवी उचलून ती जिना उतरली, आणि सुभद्राला तिच्यामागे धावताही आलं नाही. बिरंची कामावर होता, दाराकडे बघायला कुणी नव्हतं. एसटी तिला न घेताच गेली.

पालखी तिने फोनवर पाहिली. गावच्या शेजारणीने व्हिडिओ कॉल लावला होता. ढोल, गुलाल, खांद्यावर नाचणारी पालखी, आणि मागे तिचं जांभ्याचं घर, पडवीत पाचोळा, दाराला गंजकं कुलूप. पालखी आली, क्षणभर रेंगाळल्यासारखी वाटली आणि वळली. सातव्यांदा. सुभद्राने फोन पालथा ठेवला. तिला देवीचा राग आला नाही, गावाचाही आला नाही. स्वतःची लाज वाटली. बौद्धवाडीपाशी ही पालखी जन्मभर न थांबता जाते, आणि आपण सातव्या वेळेला रडतोय, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं.

तिने वही काढली आणि पेन घेऊन पेन्सिलीच्या अक्षरांवरून सावकाश शाई फिरवली. आता त्यातून तिला काही मिळायचं नव्हतं. पुसट झालेलं गावाचं नाव तिने जास्तच ठळक काढलं. महिनाअखेरीला फोटो पाठवला.

दहा मिनिटांत चिंतामणीचा फोन. “काकी, हे काय? खोड ते!”

“पेनाचं आहे. जात नाही.”

“मग पान फाड.”

“फाडते. त्याच पानावर तुझंही नाव आहे, अठ्ठ्याण्णव सालचं.”

“ती गावची कशी झाली?”

“सांग ना कुठची ती.” 

 चिंतामणीने ठेवणीतलं अस्त्र काढलं. “काकी, तुला काढावं लागेल.”

“काढ बाबा. माझ्या जागी येतोय त्याला बिछाना घेऊन धाड. मी चहा टाकते.”

चिंतामणीला एकही नाव घेता आलं नाही. त्यावरून सुभद्राला कळायचं ते कळलं. सहा वर्षं ज्यांना भ्यायली, त्यांच्यापाशी तिच्या जागी बसवायला एक माणूस नव्हतं. शिमग्याआधी हेच वाक्य बोलली असती तर कांताचं नाव पहिल्यापासून शाईत असतं आणि घराचं दार उघडलं असतं. “बघतो, मीटिंग घेतो,” असं म्हणून चिंतामणीने फोन ठेवला. सुभद्रा पेट्यांखाली बसून पोटभर रडली.

कांताला तिने फोनवर एवढंच सांगितलं, “लिहिलं.”

“पेनाने?”

“पेनाने.”

“पालखी गेली ना आता? मग आता कशाला?”

कांताने फोन ठेवला. तो गुरुवार कोरडा गेला, त्यापुढचाही. तिसऱ्या गुरुवारी, ऊन उतरल्यावर, जिन्यात ओळखीची पावलं वाजली. कांता आली, पण आत आली नाही. उंबऱ्याबाहेर गॅलरीत, कठड्याला पाठ लावून, खाली बसली.

“आत ये ना.”

“आज इथंच बसते,” कांता म्हणाली. सासऱ्याचं नाव तिने घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

सुभद्राने चहा केला. दोन कप घेऊन उंबऱ्यापर्यंत आली, जराशी थांबली आणि बाहेर येऊन कांताशेजारी फरशीवर टेकली. मागे दार सताड उघडं, आत फक्त पेट्या. खालून बिल्डरच्या माणसांचं बोलणं आल्यासारखं वाटलं. कांताने कान दिला.

“आत जा, सुभद्रा. खोली रिकामी दिसेल.”

“दिसू दे,” सुभद्रा म्हणाली, आणि तिने कांताच्या हातात कप दिला.